विश्लेषण : कोरियात २८ वर्षे ‘स्टार’, जगाला ओळख मात्र चार आठवड्यांत... ली जंग-जेच्या यशामागे नेमके काय?

‘स्क्विड गेम’चा तिसरा आणि अखेरचा हंगाम २७ जून २०२५ रोजी नेटफ्लिक्सवर आला आणि पहिल्या तीन दिवसांतच त्याला सहा कोटींहून अधिक ‘व्ह्यूज’ मिळाले. ४५६ क्रमांकाचा हिरवा ट्रॅकसूट घातलेला सोंग गी-हुन, अर्थात अभिनेता ली जंग-जे, हा चार वर्षांत जगभरातील घराघरांत ओळखीचा चेहरा झाला. त्याची कथा बहुतेक ठिकाणी ‘एका रात्रीत नशीब उजळलेला अभिनेता’ अशी सांगितली जाते. प्रत्यक्षात पहिला हंगाम आला तेव्हा तो ४८ वर्षांचा होता, कॅमेऱ्यासमोर २८ वर्षे काढलेली होती आणि मायदेशात त्याला रस्त्यावरून मोकळेपणी चालता येत नव्हते. मग बदलले ते काय? अभिनय, हॉलिवूडची आवड, की मालिका प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग? आणि या प्रवासात कमाई कोणाची झाली?

‘स्क्विड गेम’पूर्वी ली जंग-जे कोण होता?

सोलमधील अपगुजोंग या उच्चभ्रू भागात एका कॅफेत काम करणारा तरुण मॉडेलिंगमध्ये आला आणि तेथून १९९३ मध्ये दूरचित्रवाणी मालिकेत. १९९४ मध्ये ‘द यंग मॅन’ हा त्याचा पहिला चित्रपट आला आणि नवोदित अभिनेत्यासाठीचे पुरस्कार त्याला मिळाले. पण घराघरांत तो पोहोचला १९९५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दाखवल्या गेलेल्या ‘सँडग्लास’ या मालिकेमुळे. लष्करी राजवटीचा काळ आणि १९८० मधील ग्वांगजूचा उठाव यांवर बेतलेली ही मालिका सुरू होण्याच्या वेळी रस्ते ओस पडत. भारतात रविवारी सकाळी ‘रामायण’ लागले की जे होई, तसेच काहीसे. तिची सर्वोच्च प्रेक्षकसंख्या ६४.५ टक्क्यांवर गेली होती. ली जंग-जे त्यात अबोल अंगरक्षक होता. त्याच्या वाट्याला वाक्ये फार थोडी होती, तरी लक्षात राहिला तो.

१९९९ मधील ‘सिटी ऑफ द रायझिंग सन’साठी त्याला ब्लू ड्रॅगन हा कोरियातील मानाचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. मधल्या काळात काही वर्षे संथ गेली. २०१० मध्ये ‘द हाउसमेड’ कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता. त्यानंतर मात्र लागोपाठ मोठे चित्रपट आले : ‘द थीव्ज’ (२०१२), ‘न्यू वर्ल्ड’ आणि ‘द फेस रीडर’ (२०१३), ‘असॅसिनेशन’ (२०१५) आणि ‘अलाँग विथ द गॉड्स’चे दोन भाग (२०१७ आणि २०१८).

कोरियात चित्रपटाचे यश गल्ल्यापेक्षा विकल्या गेलेल्या तिकिटांवर मोजतात. तेथे एक कोटी तिकिटांचा टप्पा ओलांडणाऱ्या चित्रपटाला वेगळाच मान असतो. ‘द थीव्ज’ आणि ‘असॅसिनेशन’ने प्रत्येकी सव्वा कोटीच्या पुढे मजल मारली. ‘अलाँग विथ द गॉड्स’च्या पहिल्या भागाची १.४४ कोटी तिकिटे गेली, दुसऱ्याची १.२२ कोटी. देशाची लोकसंख्या पाच कोटींहून थोडी अधिक, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी, हे लक्षात घेतले तर हे आकडे किती मोठे आहेत ते कळते. शेवटच्या दोन चित्रपटांत तर त्याची भूमिका पाहुण्या कलाकाराची होती. यमराजाचाच कोरियन अवतार म्हणावा अशा ‘योमरा’ राजाची. (हे साम्य योगायोगाचे नाही. बौद्ध धर्माबरोबर भारतीय ‘यम’च चीनमार्गे कोरियात पोहोचला.)

मग बाहेरच्या जगाला तो माहीत का नव्हता?

कारण कोरियन अभिनेत्याला देशाबाहेर जाण्याच्या तेव्हाच्या दोन्ही वाटा त्याच्या दारावरून गेल्या नाहीत. पहिली वाट आशियातली. २००२ मधील ‘विंटर सोनाटा’ ही मालिका पुढे जपानमध्ये दाखवली गेली आणि बे योंग-जून हा अभिनेता तेथे इतका लोकप्रिय झाला, की २००४ मध्ये तो टोकियोत उतरला तेव्हा विमानतळावर हजारो महिला जमल्या होत्या. ‘हाल्यू’ किंवा कोरियन लाट म्हणतात ती हीच. मात्र ती बराच काळ जपान, चीन आणि आग्नेय आशियापुरतीच राहिली.

दुसरी वाट हॉलिवूडची. ली ब्युंग-हुन हा त्याच पिढीतला तितकाच मोठा अभिनेता त्या वाटेने गेला. ‘जी. आय. जो’ (२००९), ‘रेड २’ (२०१३), ‘टर्मिनेटर जेनेसिस’ (२०१५), ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (२०१६). या भूमिका पाहिल्या तर निंजा, मारेकरी, यंत्रमानव, चाकू चालवण्यात पटाईत लढवय्या अशी यादी होते. घरी ज्याच्या नावावर चित्रपट चालतो, त्याने तेथे जाऊन दुय्यम भूमिकेत हाणामारी करायची, वाक्ये कमी आणि तीही इंग्रजीत, हा त्या काळचा अलिखित करार होता.

ली जंग-जेच्या बाबतीत तर त्याहून बोलके उदाहरण आहे. २००० मधील ‘इल मारे’ या चित्रपटात दोन वर्षांच्या अंतराने एकाच घरात राहणाऱ्या दोघांचा पत्रव्यवहार आहे, आणि नायक ली जंग-जे. हॉलिवूडला ही कथा आवडली. २००६ मध्ये ‘द लेक हाउस’ या नावाने ती पुन्हा चित्रित झाली. नायक-नायिका होते किआनू रीव्हज आणि सँड्रा बुलॉक. कथा विकत घ्यायची आणि चेहरे बदलायचे, कारण अमेरिकी प्रेक्षक पडद्याखालच्या ओळी वाचत नाही, असे तेथील स्टुडिओंचे गणित होते. ‘माय सॅसी गर्ल’ आणि ‘ओल्डबॉय’ यांचेही असेच अमेरिकी अवतार आले. त्यांतले बहुतेक मूळ चित्रपटाच्या जवळपासही पोहोचले नाहीत, हा भाग वेगळा.

२०२१ मध्ये काय बदलले?

जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्सने एका झटक्यात भारत आणि दक्षिण कोरियासह सुमारे १३० देशांत सेवा सुरू केली आणि तिचा पसारा १९० देशांवर गेला. त्याच वर्षी अमेरिकेची ‘थाड’ ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा आपल्या भूमीवर बसवण्याचा निर्णय दक्षिण कोरियाने घेतला आणि संतापलेल्या चीनने कोरियन कलाकार व मालिकांना आपली बाजारपेठ जवळजवळ बंद केली. त्यासाठी जाहीर आदेश निघाला नव्हता, पण परिणाम स्पष्ट दिसला. मोठा ग्राहक गेला आणि त्याच सुमारास नवा दारात आला. ‘ओक्जा’ (२०१७) आणि ‘किंगडम’ (२०१९) ही त्याची पहिली मोठी फळे. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘पॅरासाइट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, तेव्हा सबटायटल्सची भिंत ओलांडता येते हे सिद्ध झाले. तरीही ‘पॅरासाइट’मधील एकाही अभिनेत्याला ऑस्करचे नामांकन नव्हते. दिग्दर्शक आणि चित्रपट जगाने स्वीकारला होता, नट अजून नाही.

‘स्क्विड गेम’ची संहिता ह्वांग डोंग-ह्युक याने २००८-०९ च्या सुमारास लिहिली होती. कोरियन निर्मात्यांना ती फार विचित्र आणि हिंसक वाटली. दहा वर्षे ती पडून राहिली. नेटफ्लिक्सने ती घेतली आणि १७ सप्टेंबर २०२१ रोजी मालिका जगभर एकाच दिवशी, तीसहून अधिक भाषांतील सबटायटल्ससह उपलब्ध झाली. पहिल्या चार आठवड्यांत १४.२ कोटी घरांनी ती पाहिल्याचे कंपनीने जाहीर केले.

हा आकडा जरा सावधपणे वाचायला हवा. त्या काळी कोणी दोन मिनिटे पाहिली तरी नेटफ्लिक्स ते घर मोजत असे. नंतर कंपनीने पाहिलेल्या एकूण तासांची पद्धत आणली. त्यानुसार पहिल्या २८ दिवसांत १.६५ अब्ज तास भरले. आता एकूण तासांना मालिकेच्या लांबीने भागून ‘व्ह्यूज’ काढतात. या सर्वांत कडक हिशेबानेही पहिल्या ९१ दिवसांत पहिल्या हंगामाचे २६.५ कोटी व्ह्यूज होतात. मोजपट्टी कोणतीही घेतली तरी नेटफ्लिक्सवर याहून अधिक पाहिली गेलेली मालिका झालेली नाही. चित्रपटगृहांतून प्रत्येक देशात वेगळा वितरक, वेगळी तारीख, वेगळी जाहिरात अशा जुन्या पद्धतीने एवढा प्रेक्षक मिळवायला दोन-चार वर्षेही पुरली नसती.

पण त्याच काळात इतर कोरियन मालिकाही होत्या. हीच का?

येथे वितरणाचे गणित संपते आणि अभिनेत्याची निवड महत्त्वाची ठरते. २०२० च्या ‘डिलिव्हर अस फ्रॉम इव्हिल’मध्ये ली जंग-जे अंगभर टॅटू काढलेला, पांढरा लांब कोट मिरवणारा मारेकरी होता. त्याआधी सत्ता बळकावणारा राजपुत्र, गुन्हेगारी टोळीत घुसलेला पोलीस, बड्या घरातील विलासी पती. उत्तम शिवलेला सूट आणि दबका आवाज ही त्याची ओळख. वय वाढले तशा आपल्याकडे कणखर आणि खलप्रवृत्तीच्याच भूमिका अधिक येऊ लागल्या होत्या, साध्या माणसाची भूमिका हवी होती, असे त्याने मुलाखतींत सांगितले आहे.

गी-हुन या सर्वांच्या उलट आहे. घटस्फोटित, कर्जात बुडालेला, म्हाताऱ्या आईच्या एटीएम कार्डातून पैसे काढून घोड्यांच्या शर्यतीवर लावणारा. खांदे पडलेले, हसू लाचार, चालणे भरकटलेले. कोरियन प्रेक्षकाला ‘आपला तो ली जंग-जे’ असा दिसणे हाच धक्का होता. बाहेरच्या प्रेक्षकाला ही पार्श्वभूमी माहीत नव्हती, त्याला फक्त शेजारच्या गल्लीत दिसणारा माणूस दिसला. सहाव्या भागातील गोट्यांचा डाव पाहावा. समोरचा वृद्ध विसरभोळा आहे आणि फसवले तरच आपण जगू, हे कळल्यावर गी-हुनच्या चेहऱ्यावर शरम आणि जगण्याची हाव एकाच वेळी दिसते. त्या प्रसंगात संवाद कमी आहेत, आणि गोट्यांचा खेळ मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही.

गी-हुनच्या बेकारीचा मुंबईशी काय संबंध?

मालिकेत गी-हुन ‘ड्रॅगन मोटर्स’ या कारखान्यातून काढलेला कामगार आहे. संपाच्या रात्री डोळ्यांदेखत सहकारी मेल्याची आठवण त्याला छळते. हे नाव सूचक आहे. ‘सांगयोंग’ या मोटार कंपनीच्या नावाचा अर्थ ‘जोडी ड्रॅगन’ असा होतो. ही कंपनी तेव्हा चिनी मालकीखाली असताना दिवाळखोरीत गेली आणि २००९ मध्ये सुमारे २,६०० कामगारांच्या कपातीची योजना पुढे आली. प्योंगटेक येथील कारखाना कामगारांनी ताब्यात घेतला. ७७ दिवस चाललेला तो संप पोलिसांनी हेलिकॉप्टर आणि कमांडो वापरून मोडला. त्यानंतरच्या वर्षांत अनेक कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांचे मृत्यू झाले, त्यांत आत्महत्याही होत्या. गी-हुन रचताना हाच संप आपल्या डोळ्यांसमोर होता, असे ह्वांगने सांगितले आहे.

संपानंतर ही कंपनी विकत घेतली ती मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्रने. २०११ मध्ये तिच्याकडे ७० टक्के भाग आले. काढलेल्या कामगारांपैकी उरलेल्या ११९ जणांना परत घेण्याचा समझोता २०१८ मध्ये झाला. मात्र तोटा थांबला नाही. २०२० मध्ये महिंद्रने आणखी पैसे ओतण्यास नकार दिला, कंपनी पुन्हा न्यायालयाच्या देखरेखीखाली गेली आणि २०२२ मध्ये केजी समूहाने ती घेतली. आता ती ‘केजी मोबिलिटी’ या नावाने चालते. खेळांच्या रंगीत मैदानामागे ही खरी बेकारी उभी आहे, त्यामुळेच कापड गिरण्यांचा संप आणि त्यानंतरचे गिरणगाव आठवणाऱ्या मुंबईकराला गी-हुन परका वाटू नये.

एमी पुरस्कार इतका महत्त्वाचा का मानला गेला?

१२ सप्टेंबर २०२२ रोजी ली जंग-जेला नाट्य मालिकेतील सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा एमी पुरस्कार मिळाला. स्पर्धेत ब्रायन कॉक्स, जेरेमी स्ट्राँग, बॉब ओडेनकर्क, जेसन बेटमन आणि अॅडम स्कॉट होते. इंग्रजीव्यतिरिक्त भाषेतील भूमिकेसाठी हा पुरस्कार मिळवणारा तो पहिला अभिनेता. त्याने आभार थोडे इंग्रजीत मानले आणि मग मायदेशातील प्रेक्षकांसाठी कोरियनकडे वळला.

भारतीय मालिकांचे नाव ‘एमी’ संदर्भात येते तेव्हा तो बहुधा ‘आंतरराष्ट्रीय एमी’ असतो. २०२० मध्ये ‘दिल्ली क्राइम’ला मिळाला तो हाच. अमेरिकेबाहेरच्या निर्मितीसाठी तो वेगळा पुरस्कार आहे. ‘स्क्विड गेम’ मुख्य, म्हणजे ‘प्राइमटाइम एमी’च्या स्पर्धेत उतरू शकली, कारण तिच्या निर्मितीमागे नेटफ्लिक्स ही अमेरिकी कंपनी होती. पूर्णपणे कोरियन पैशांतून आणि कोरियन वाहिनीसाठी ती बनली असती, तर हाच अभिनय या स्पर्धेत मोजलाच गेला नसता. कोरियाने साजरा केलेला हा विजय कागदोपत्री अमेरिकी निर्मितीचा होता.

मग पैसा कोणाला मिळाला?

ब्लूमबर्गने ऑक्टोबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे दिलेल्या वृत्तानुसार पहिल्या हंगामाचा खर्च २.१४ कोटी डॉलर होता आणि कंपनीच्या हिशेबाने त्यातून निर्माण झालेले मूल्य सुमारे ८९ कोटी डॉलर. खर्चाच्या चाळीसपटीहून अधिक. या व्यवहारात निर्मात्याला खर्च आणि त्यावर ठरावीक नफा आधीच मिळतो. बदल्यात सर्व हक्क कंपनीकडे जातात. मालिका आपटली तर नुकसान कंपनीचे आणि चालली तर फायदाही तिचाच. पहिल्या हंगामातून आपण श्रीमंत झालो नाही, दुसरा करण्यामागे तेही कारण होते, हे ह्वांगने लपवलेले नाही. कोरियातील दिग्दर्शकांची संघटना कायद्यात बदल करून नंतरच्या उत्पन्नातही वाटा मिळावा अशी मागणी करीत आहे.

ली जंग-जेने हे गणित लवकर ओळखलेले दिसते. २०१६ मध्येच जंग वू-संग या जुन्या मित्रासह त्याने ‘आर्टिस्ट कंपनी’ स्थापन केली होती. २०२२ मध्ये ‘हंट’ हा हेरपट स्वतः लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात भूमिकाही केली. तो कान महोत्सवात मध्यरात्रीच्या विभागात दाखवला गेला, तेव्हा एमीला अजून चार महिने होते. डिसेंबर २०२३ मध्ये ‘वायडर प्लॅनेट’ या शेअर बाजारातील कंपनीत त्याने सर्वांत मोठा हिस्सा घेतला. तिचे नाव पुढे ‘आर्टिस्ट युनायटेड’ झाले. भूमिकेपेक्षा मालकीत हात असावा, हा त्यामागचा विचार उघड आहे. तो यशस्वी होईल का, हे सांगणे आज घाईचे ठरेल.

हॉलिवूडचे पुढे काय झाले? आणि कोरियाचे?

जून २०२४ मध्ये ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील ‘द अॅकोलाइट’मध्ये तो जेडाय गुरू सोल म्हणून दिसला. निंजा नाही, मारेकरी नाही. कथेचा भार असलेली भूमिका, पूर्ण इंग्रजीत, आणि तीही पन्नाशीत भाषेचा कसून सराव करून केलेली. त्याच्या कामाचे कौतुक झाले. मालिकेचे मात्र नाही, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये डिस्नेने ती एका हंगामानंतर थांबवली. दुसरीकडे, डिसेंबर २०२४ मध्ये ‘स्क्विड गेम’चा दुसरा हंगाम आला आणि पहिल्या चार दिवसांत ६.८ कोटी व्ह्यूज घेऊन गेला. त्याची जागतिक ओळख अजूनही कोरियन भाषेतील भूमिकेवरच उभी आहे.

मायदेशातील चित्र मात्र फारसे उत्साहाचे नाही. नेटफ्लिक्सने २०२३ मध्ये कोरियात चार वर्षांत २.५ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. पण या पैशाने आघाडीच्या नटांचे मानधन इतके चढले, की स्थानिक वाहिन्यांना मालिका काढणे परवडेनासे झाल्याची तक्रार निर्माते जाहीरपणे करतात. चित्रपटगृहांचे हाल त्याहून वाईट. २०१९ मध्ये कोरियात २२.६ कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली होती, २०२४ मध्ये सुमारे १२.३ कोटी. ज्या पडद्याने ली जंग-जेला २८ वर्षे घडवले, कधी आपटू दिले आणि पुन्हा उभे केले, तो पडदाच आक्रसत आहे. पुढचा ली जंग-जे थेट नेटफ्लिक्सवर घडेल असे म्हणणारे आहेत. पण तेथे एक मालिका आपटली, की दुसरी संधी कितीशी मिळते, हे ‘द अॅकोलाइट’ने दाखवले आहे.

‘स्क्विड गेम’ या नावाचे सर्व हक्क नेटफ्लिक्सकडेच आहेत. तिसऱ्या हंगामाच्या शेवटच्या दृश्यात गी-हुन नाही. लॉस एंजेलिसच्या एका गल्लीत सूट घातलेली केट ब्लँचेट एका बेघर माणसाबरोबर कागदी चकत्यांचा तोच खेळ खेळताना दिसते, आणि गाडीतून ते पाहणारा आहे ली ब्युंग-हुन.